परातीतला कापूर नाचता नाचता थांबला कशाने?

निवळी | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आज दुपारी घरी घडलेली गोष्ट लिहिते. शेवटी प्रश्न आहे, जाणकारांनी कृपया उत्तर द्यावं.

भाची सुट्टीला आमच्याकडे कर्वेनगरला आली आहे, यंदा सातवीत जाईल. माझी आजी परातीत पाणी घेऊन त्यावर कापराचे कण सोडायची आणि ते गरगर फिरायचे, एवढं मला आठवत होतं. तेच हिला दाखवू म्हटलं. पहिला प्रयत्न फसला. कण तरंगले आणि गप्प बसून राहिले. मग आठवलं, सकाळी त्याच परातीत कणीक मळली होती आणि वरून तेलाचा हात फिरवला होता. परात पावडरीने घासली, दहा-बारा वेळा विसळली, शेवटी आधणाचं पाणी ओतलं. कापूर बोटांनी न चुरता कागदावर ठेवून सुरीने कापला.

या खेपेला कण पाण्याला टेकला आणि निघालाच! मोहरीएवढा तुकडा जागच्या जागी भिंगरीसारखा फिरतो, मग सुळकन एका बाजूला जातो, काठाजवळ पोचला की वळतो. पाच-सात मिनिटं आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. मग भाचीने करंगळीचं टोक पाण्याला लावलं. सकाळीच मी तिच्या डोक्याला खोबरेल चोपडलं होतं, हात केसांत जाऊन आलेला. सगळे कण एकदम थबकले. पलीकडच्या काठाजवळचेसुद्धा.

पाण्यावर तवंग दिसत नव्हता. डोळ्यांना न दिसणारं तेल दीड फुटी परातभर पोचलं कसं, आणि त्याने कापराला धरून ठेवलं कसं?

---

गोठा_मुळशी | रविवार, रात्री १०:०५

आमच्याकडेही हा खेळ चालायचा. वाचतोय.

---

पाषाणकर | रविवार, रात्री ११:२०

निवळीताई, पाण्याच्या पृष्ठभागावर काय चालतं हेच गेली बावीस वर्षं माझं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कापूर का नाचतो ते. पाण्याच्या पोटातल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. वरच्या थरातल्या रेणूला वरच्या अंगाला कोणी नसतं, म्हणून तो थर ताणलेल्या कापडासारखा वागतो. हाच पृष्ठताण. स्वच्छ पाण्याचा २५ अंशांना साधारण ७२ मिलिन्यूटन दर मीटर, म्हणजे रोजच्या वापरातल्या द्रवांमध्ये भलताच जास्त. कापराचा कण किंचित विरघळतो आणि जिथे विरघळतो तिथला ताण उतरतो. कण ओबडधोबड असल्यामुळे सगळीकडून सारखा विरघळत नाही. ज्या बाजूला ताण जास्त उरला, ती बाजू त्याला ओढून नेते. आणि कापूर उडून जात असल्यामुळे पृष्ठभाग पुन्हा पुन्हा मोकळा होतो, म्हणून खेळ मिनिटांमागून मिनिटं चालतो.

आता करंगळी. तेल जिथे टेकलं तिथून ते वाट फुटेल तसं पसरत गेलं, कारण तेलाच्या रेणूचा एक भाग पाण्याला धरून राहतो आणि उरलेला लांब भाग पाण्याबाहेर राहू पाहतो. सोयीसाठी आम्ही त्याला डोकं आणि शेपूट म्हणतो. डोक्यात ऑक्सिजन असतो, त्याची पाण्याशी जवळीक. शेपूट म्हणजे कार्बन-हायड्रोजनची साखळी. असे रेणू एकावर एक ढीग करत नाहीत, जागा असेपर्यंत एकेरी थरात पसरतात. थर भरत आला की परातभर ताण उतरतो. मग एका बाजूने जास्त ओढ, दुसऱ्या बाजूने कमी, असं कापराच्या वाट्याला काही उरत नाही. त्याला कोणी धरून ठेवलं नाही. ओढणारं थांबलं.

किती तेल लागतं? ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९० मध्ये मोठ्या टबात नेमका हाच प्रयोग केला. कापूर थांबवायला लागणारा थर त्यांना दोन नॅनोमीटरहूनही पातळ आढळला. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तुमच्या परातीचा हिशेब केला, तर एका थेंबाचा दीडशेवा हिस्सा पुरून उरतो. भाचीच्या करंगळीवर त्याहून जास्त तेल नक्की होतं.

पहिला प्रयत्न फसला असं तुम्ही म्हणता, पण त्यात तर प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग आधीच पार पडला होता.

---

अकरावी_ब | सोमवार, सकाळी ७:१५

सर, आम्हाला शिकवलंय की तेल आणि पाणी एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून शेपूट पाण्यातून पळते. हे बरोबर आहे ना? आणि मग पेशीभोवतीचं आवरण पण असंच असतं का?

---

निवळी | सोमवार, सकाळी ८:३०

पाषाणकर, मनापासून आभार. भाचीला वाचून दाखवलं. ती विचारते आहे, की लॉर्ड लोकांना टबात कापूर सोडायचं कसं सुचलं?

---

पाषाणकर | सोमवार, दुपारी १:५०

आधी भाचीला उत्तर, कारण त्यातली खरी गोष्ट एका मुलीचीच आहे.

आग्नेस पोकेल्स. जन्म १८६२. जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहायची. विज्ञानाची प्रचंड ओढ, पण तेव्हा तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकायला गेला, ही आजारी आईवडिलांचं बघत घरी राहिली. भांडी घासताना तिच्या लक्षात आलं, की तेलकट पाणी आणि स्वच्छ पाणी यांचा वरचा थर वेगळा वागतो. अठरा-वीस वर्षांची असताना तिने पत्र्याचं पसरट, लांबट भांडं घेतलं, काठोकाठ पाणी भरलं आणि त्यावर आडवी पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की तेलाचा थर दाबला जातो, मागे घेतली की मोकळा होतो. ताण मोजायला साधं बटण: ते पाण्याला टेकवायचं आणि तराजूने उचलताना किती वजन लागतं ते बघायचं. दहा वर्षं ती एकटीच हे मोजत होती. जानेवारी १८९१ मध्ये तिने रॅलेंना पत्र लिहिलं. पत्र जर्मनमध्ये, रॅलेंच्या पत्नीने त्याचं इंग्रजी केलं. रॅलेंचा मोठेपणा हा, की त्यांनी ते स्वतःच्या कामात जिरवलं नाही. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाकडे शिफारस करून पाठवलं आणि मार्चमध्ये ते तिच्या नावाने छापून आलं.

आज जगभरच्या प्रयोगशाळांत तिच्या त्या भांड्याचीच सुधारलेली आवृत्ती असते. आमच्याकडेही आहे. तिला लँगम्यूरचं भांडं म्हणतात. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये तीच पद्धत पुढे नेली आणि एक फार देखणी गोष्ट दाखवली. स्निग्धाम्लाची (तेला-तुपातल्या आम्लाची) साखळी आखूड घ्या की लांब, घट्ट दाबलेल्या थरात प्रत्येक रेणूला जागा जवळपास तेवढीच लागते, ०.२ चौरस नॅनोमीटर. याचा एकच अर्थ निघतो: रेणू आडवे पडलेले नाहीत, शेतातल्या ज्वारीच्या ताटांसारखे उभे आहेत. सूक्ष्मदर्शकाशिवाय, फक्त पट्टी सरकवून रेणूची उंची आणि जाडी मोजली या माणसाने! लँगम्यूरना १९३२ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठाने पोकेल्सबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. मी हे दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

आता अकरावी_ब, तुझा प्रश्न. तेलापाण्याचं वैर असं आपण म्हणतो, पण वैर नाही. तेलाच्या आणि पाण्याच्या रेणूंमध्ये थोडी ओढच असते. अडचण पाण्याच्या आपसातल्या नात्यात आहे. मंगळागौरीचा खेळ डोळ्यांसमोर आण. अंगणभर मुली हात धरताहेत, सोडताहेत, क्षणाक्षणाला जोडीदार बदलताहेत. आता मध्ये खांब रोवला. खांबाला हात नाहीत. त्याच्या लगतच्या मुलींना तिकडे हात करून उपयोग नाही, म्हणून त्यांना ठरावीक अंगानेच उभं राहावं लागतं. त्यांचं मोकळेपण गेलं. दहा ठिकाणी दहा खांब असले, तर कितीतरी मुली अशा अडकतात. तेच दहा खांब एकत्र बांधले, तर अडकणाऱ्या थोड्याच उरतात. नेहमीच्या तापमानाला तेलाचे रेणू एकत्र येतात ते मुख्यतः यामुळे. त्यांना कोणी ढकलत नाही, पाणी आपलं मोकळेपण परत मिळवतं. वॉल्टर काउझमान यांनी १९५९ मध्ये हा विचार प्रथिनांच्या साखळ्या घडी होऊन आकार कसा घेतात याला लावला आणि जीवशास्त्राकडे बघायची दृष्टी बदलली.

आणि पेशीचं आवरण? परातीत शेपटांना वर हवा मिळाली. पाण्याच्या पोटात हवा नाही, मग शेपटं जाणार कुठे? दोन वाटा. साबणासारखा, मोठं डोकं आणि एकच शेपूट असलेला रेणू गाजरासारखा निमुळता असतो. गाजरं जाड टोक बाहेर ठेवून रचली, तर गोळा होतो. पण पेशीतल्या लिपिडला, म्हणजे स्निग्ध रेणूला, शेपटं दोन, म्हणून तो वर-खाली सारख्याच जाडीचा, उसाच्या कांड्यासारखा. कांडी शेजारी शेजारी उभी केली तर सपाट थर होतो. असे दोन थर शेपटांकडून एकमेकांना चिकटले, की चार-पाच नॅनोमीटर जाडीचा पडदा तयार. आत पाणी, बाहेर पाणी. शिवाय त्याला उघडी कड नको असते, म्हणून तो आपोआप मिटून पिशवी होतो. विणकर लागत नाही की शिंपी.

१९२५ मध्ये हॉलंडमध्ये खोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधले लिपिड काढून पोकेल्सच्या पद्धतीच्या भांड्यावर पसरले. क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे थर दुहेरी! पुढे कळलं, की त्यांच्या हातून दोन चुका झाल्या होत्या: सगळे लिपिड निघालेच नव्हते आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना भागवलं आणि उत्तर बरोबर आलं.

हा पडदा घट्ट नसतो हे मात्र पक्कं लक्षात ठेव. एका पदरातला रेणू शेजाऱ्यांमधून इतका सहज सरकतो, की जिवाणूच्या या टोकापासून त्या टोकाला सेकंदाभरात पोचतो. पण वरच्या पदरातून खालच्यात उलटायचं म्हटलं, तर तासन् तास, कधी दिवससुद्धा लागतात. डोक्याला मधल्या तेलातून जावं लागतं ना.

घरी करून बघ: औषधाच्या दुकानात शुद्ध लिक्विड पॅराफिन मिळतं. त्याला डोकंच नाही, नुसती शेपूट. त्याचा थेंब कापूर फिरत असताना पाण्यावर सोड आणि काय होतं ते इथे लिही.

---

गोठा_मुळशी | सोमवार, रात्री ९:१०

पाषाणकर, तुमचं वाचून एक जुना प्रश्न वर आला. आमच्याकडे आठ म्हशी आहेत. आई अजून रवीने घुसळते. उन्हाळ्यात बर्फ टाकते, थंडीत कोमट पाणी. लोणी यायच्या आधी रवीचा आवाज बदलतो, हात जड होतो आणि मग एकदम कण सुटतात. तापमान थोडं चुकलं तर तासभर घुसळून लोणी येत नाही. यातही तुमचं डोकं-शेपूट आहे का? आणि पिशवीच्या दुधाला आमच्या दुधासारखी साय का धरत नाही?

---

पाषाणकर | सोमवार, रात्री १०:४५

यात तर पुरेपूर आहे. दुधातल्या स्निग्धाचा प्रत्येक गोळा साधारण तीन-चार हजार नॅनोमीटरचा, म्हशीच्या दुधात त्याहून थोडा मोठा. त्याच्याभोवती लिपिड आणि प्रथिनांचं पातळ वेष्टन असतं. कासेतल्या ग्रंथीतली पेशी गोळा बाहेर टाकते, तेव्हा स्वतःच्या पडद्याचा तुकडा त्याच्याभोवती गुंडाळून देते. त्या वेष्टनामुळे गोळे एकमेकांत मिसळत नाहीत. रवीने ते फोडायचं असतं.

तुमच्या आई बर्फ आणि कोमट पाणी यांनी जे साधतात ते असं: गोळ्यातलं तूप थोडं गोठलेलं आणि थोडं पातळ असायला हवं. गोठलेले स्फटिक वेष्टनाला टोचतात, पातळ भाग बाहेर येऊन दोन गोळ्यांना सांधतो. फार गरम असेल तर टोचायला काही नाही, फार गार असेल तर सांधायला काही नाही. हाताला लागणारा जडपणा हा गोळ्यांची साखळी धरल्याचा. आणि फुटलेली वेष्टनं जातात कुठे? ताकात. म्हणून लोणी काढल्यावरचं ताक फॉस्फोलिपिडने, म्हणजे या वेष्टनातल्या लिपिडने, समृद्ध असतं.

पिशवीचं दूध बारीक छिद्रांतून दाबाने काढलेलं असेल, तर गोळ्यांचे तुकडे हजार नॅनोमीटरहून लहान होतात आणि त्यांच्यावर केसीन हे दुधातलं प्रथिन बसतं. ते सहज वर येत नाहीत. साय धरली तरी पातळच.

---

सानूची_आई | मंगळवार, सकाळी ११:००

धागा कालपासून वाचतेय. लिहावं की नाही कळत नव्हतं, पण लिहिते.

सानू २९व्या आठवड्यात झाली, इथेच पुण्यात. १ किलो १०० ग्रॅम. काचेच्या पेटीत ती श्वास घ्यायची, तेव्हा बरगड्यांखालची जागा आत ओढली जायची, इतकी की खळगा पडायचा. श्वास सोडताना बारीक कण्हल्यासारखा आवाज. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं उघडी राहत नाहीयेत, आतला चिकण पदार्थ अजून तयार झालेला नाही, तो आपण देऊ. छोट्या कुपीत दुधासारखं पांढरं काहीतरी होतं. जेमतेम पावणेतीन मिली. नळीतून श्वासनलिकेत सोडलं. तासाभरात तिला द्यावा लागणारा ऑक्सिजन साठ टक्क्यांवरून तीसवर आणता आला आणि तो खळगा दिसेनासा झाला. त्या कुपीवरचं नाव वाचलं होतं, पण ते नेमकं काय होतं हे मला कोणी कधी सांगितलं नाही. सानू आता तिसरीत आहे.

परातीतलं तेल आणि ते पांढरं औषध एकाच जातीचं का?

---

पाषाणकर | मंगळवार, रात्री ८:३०

ताई, हो. एकाच जातीचं. लिहिलंत हे फार बरं केलंत.

फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात, मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या भागाएवढे, आणि प्रत्येकाला आतून पाण्याचा पातळ लेप असतो. बुडबुडा जितका लहान, तितका पृष्ठताण त्याला जोराने मिटवतो. पाण्याचा तोच ७२चा ताण तिथे राहिला, तर श्वास सोडताना कोश मिटतात आणि पुढच्या प्रत्येक श्वासाला ते नव्याने फुगवावे लागतात. तुम्ही पाहिलेला खळगा तो त्या श्रमाचा. आणि कण्हण्याचा आवाज म्हणजे बाळ घसा अर्धवट मिटून हवा आत कोंडून धरतं, कोश मिटू नयेत म्हणून. इतकुसा जीव, पण जेवढं हातात आहे तेवढं सगळं करत असतो.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात दोन शेपटांचे लिपिड या लेपावर पसरलेले असतात. श्वास सोडताना जागा आकुंचते, लिपिड दाटीवाटीने उभे राहतात आणि ताण जवळजवळ शून्यापर्यंत उतरतो. पोकेल्सची सरकती पट्टी इथे आपला श्वासच आहे. यातला मुख्य लिपिड ४१ अंशांच्या खाली घट्ट बांधणीत राहू शकतो. अंगाचं तापमान ३७, म्हणून दाबला तरी तो थर कोसळत नाही. थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं त्यातलाच हा गुण. सोबत थोडी प्रथिनं लागतात, ती थर पटकन पसरवतात. हे सगळं बनवणाऱ्या पेशी २४व्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागतात, पण पुरेसा साठा व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात.

मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की या आजाराने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसात हाच पदार्थ कमी असतो. तरी औषध यायला वेळ लागला. १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवससुद्धा जगला नाही. कारण हेच होतं. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला पदार्थ दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि मार्ग सापडला. आज तो गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून मिळवतात. सानूला दिलेलं पांढरं औषध त्याच घराण्यातलं. प्रसूतीआधी तुम्हाला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील, तर ती बाळाच्या त्या पेशींना लवकर कामाला लावण्यासाठी होती.

---

सानूची_आई | मंगळवार, रात्री ८:५५

दोन दिली होती. मला वाटलं होतं ती माझ्यासाठी आहेत. धन्यवाद, खूप.

---

इंद्रायणीकाठ | बुधवार, सकाळी ६:४०

मी आळंदीचा. आमच्या नदीवर फेस येतो, तोही याच रेणूंचा ना? बंधाऱ्याखाली पांढरे ढीग साचतात, वाऱ्याने घाटाच्या पायऱ्यांवर येतात. वारकरी हाताने बाजूला सारून त्यातच स्नान करतात, कारण त्यांना माउलींच्या दारचं पाणी हवं असतं. बघवत नाही. साबण तर घराघरात पूर्वीपासून आहे, मग पूर्वी असा फेस का नव्हता?

---

पाषाणकर | बुधवार, रात्री ९:१५

तोच रेणू, चुकीच्या जागी.

फेस टिकतो कसा ते आधी. बुडबुड्याची भिंत ताणली गेली, की तिथले रेणू विरळ होतात, ताण वाढतो आणि आजूबाजूचं पाणी त्या जागी ओढलं जातं. भिंत स्वतःच स्वतःला सांधते. कापराला हलवणारी ओढ इथे भिंत सावरते. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी हवा घुसळून देतं, म्हणून ढीग तिथेच.

पूर्वीचा साबण तेल-तुपापासूनचा. जिवाणू त्याची साखळी सहज खातात. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत स्वस्त डिटर्जंट आले, त्यांच्या शेपटीला फांद्या होत्या. जिवाणूंना त्या पचेनात आणि तिथल्या नद्या फेसाने भरल्या. जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक उत्पादक सरळ शेपटीवर आले. सरळ शेपटी जिवाणू खातात, पण त्यासाठी त्यांना वेळ आणि ऑक्सिजन हवा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून नीट गेलं, तर बहुतांश डिटर्जंट तिथेच संपतो. प्रक्रिया न होता थेट ओढ्या-नाल्यांतून नदीत आलं, तर जिवाणूंना सवडच मिळत नाही. शिवाय मैल्यातली प्रथिनं फेस आणखी घट्ट करतात.

फेस दिसला नाही म्हणजे पाणी चांगलं, असंही समजू नका. हे रेणू माशांच्या कल्ल्यांवर बसतात आणि तिथला नाजूक पडदा बिघडवतात, फेस नसतानासुद्धा. फेसावर पाणी फवारून तो बसवता येतो, पण रेणू नदीतच राहतात. लोकांनी मागायचं ते शुद्धीकरण, तेही नदीत पडण्याआधी.

---

अकरावी_ब | रविवार, सायंकाळी ६:३०

धागा वर काढतोय, कारण करून बघितलं.

पॅराफिन: थेंब पसरला नाही. डोळ्यातल्या बुबुळासारखा गोल तरंगत राहिला. कापूर त्याला वळसा घालून फिरतच होता. मग तिथेच खोबरेलाची काडी टेकवली, लगेच थांबला.

पोकेल्स यांचं बटणही केलं. झाडूच्या काडीचा तराजू, मध्ये दोरा, एका टोकाला शर्टाचं बटण आडवं बांधलं, दुसऱ्या टोकाला कागदाची पुडी. बटण पाण्याला टेकवून पुडीत तांदळाचा एकेक दाणा टाकत गेलो. स्वच्छ पाण्यावरून बटण २३ दाण्यांना सुटलं. खोबरेल लावल्यावर १७. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यावर १२. प्रत्येक तीन-तीनदा केलं, एक-दोन दाणे इकडेतिकडे होतात. साबण दुप्पट केला तरी १२च येतात, कमी होत नाहीत. असं का?

---

पाषाणकर | रविवार, सायंकाळी ७:०५

शाब्बास! पृष्ठभागावरची जागा भरली, की वाढीव साबण वर येत नाही, पाण्यातच त्या गाजरांचे गोळे बांधतो. एका गोळ्यात पन्नास-साठ रेणू. नेहमीच्या एका डिटर्जंटचे गोळे लिटरला सव्वादोन-अडीच ग्रॅमच्या आसपास बांधायला सुरुवात होते. तुझ्या साबणाचा हा आकडा तू काढू शकतोस. लिटरभर पाण्यात अगदी थोड्या साबणापासून सुरुवात कर, दर वेळी थोडा वाढव आणि दाणे मोज. दाणे घटायचे थांबतील तो आकडा. बटण दर वेळी गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं कर. आणि पाणी नळाचं घेतलं होतंस की बोअरचं, तेही लिही. बोअरच्या जड पाण्यात आकडा बदलेल.

---

निवळी | रविवार, रात्री ८:२०

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. भाची आत्ताच झाडूची काडी शोधते आहे.